खालचा आकडा

बुवा पडले तेव्हा त्यांचा रक्तदाब उत्तम होता.

निदान ऋजुताच्या फोनवर तरी तसंच दिसत होतं. वरचा आकडा एकशे आठ, तोही हिरव्या अक्षरांत. पेटीच्या फळीला टेकवून तिने फोन उभा केला होता. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर आणि एक डोळा त्या आकड्यावर. थंडी सुरू व्हायच्या सुमारास बुवांचा, तिच्या वडिलांचा, हाच आकडा दोनशेच्या घरात गेला होता आणि मेंदूतल्या एका बारीक रक्तवाहिनीतून रक्त झिरपलं होतं. तेव्हापासून हिरवं अक्षर दिसलं की तिला देव दिसल्यासारखं व्हायचं.

दासनवमीचं कीर्तन होतं. मुकुंदबुवा ऐनापुरे पूर्वरंग आवरत आले होते. पायांत चाळ नाहीत, अंगविक्षेप नाहीत. नुसतं उभं राहून बोलायचे, पण मिरजेतल्या बायका स्वयंपाक अर्धा टाकून त्यांना ऐकायला यायच्या. त्यांनी नामाचा आकार लावला. तो चढत गेला, वर जाऊन थांबला, आणि त्या थांबलेल्या सुरासकट बुवा गुडघ्यांतून खाली बसले.

कुणीच धावलं नाही. लोकांना वाटलं, बुवांना गहिवर आला. कीर्तनकाराने नामात विरघळून खाली बसावं, यात नवल ते काय? पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. तबल्यावरच्या भोरेकाकांनी ठेका हळू केला, पण सोडला नाही. ऋजुताने मात्र वडिलांचा गहिवर लहानपणापासून पाहिला होता. गहिवरलेल्या माणसाचे डोळे भरलेले असतात. हे डोळे रिकामे होते.

"अप्पा!" ती ओरडली, तेव्हा कुठे तबला थांबला.

*

डॉक्टर फरहाना मुजावर मूळच्या मिरजेच्याच. वडील सतारी बनवायचे, त्यामुळे बुवांशी बोलताना त्यांच्या बोलण्यात एक घरगुती आब असायचा. दोन दिवसांनी बुवा उशीला टेकून बसू लागले, तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बुवा, रक्तदाबाचे दोन आकडे असतात. वरचा कसला आणि खालचा कसला?"

"वरचा काळजीचा," बुवा म्हणाले, "आणि खालचा उगाच आपला सोबतीला."

"सगळी मिरज हेच म्हणते." त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हृदय मुठीसारखं आवळतं. ते आकुंचन. त्या क्षणी रक्त धमन्यांत लोटलं जातं आणि धमनीच्या भिंतीवर सगळ्यांत जास्त जोर येतो. तो वरचा आकडा. मग मूठ सुटते. हृदय सैलावतं, पुढच्या ठोक्याचं रक्त आत भरून घेतं. ते प्रसरण. तेव्हा धमन्या काही रिकाम्या पडत नाहीत. ताणल्या गेलेल्या असतात, त्या आकसत आकसत रक्त पुढे ढकलत राहतात. त्या विसाव्यात उरलेला जोर, तो खालचा आकडा."

"म्हणजे विसाव्याचा दाब."

"हो. आणि आता खरी गोष्ट. हृदय सगळ्या शरीराला रक्त पाठवतं ते आवळताना. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्ताचा मोठा वाटा मिळतो तो सैल असताना. आवळलेल्या मुठीत रक्त शिरणार कुठून? घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचं पान घेणाऱ्या बाईसारखं आहे ते. खालचा आकडा फार घसरला, की तिच्या पानात काही उरत नाही."

बुवा उशीवरून पुढे सरसावले. डोळे भरले होते.

"डॉक्टर, हा दृष्टांत मी घेऊ का?"

"घ्या की. पण कीर्तन करायचं नाही." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं. "बुवा पडले तेव्हा खालचा आकडा किती होता?"

"मी… मी बघितला नाही. वरचा इतका छान होता…"

"एकेचाळीस."

ऋजुताने फोन उचलून त्या दिवसाची रेघ काढली. तिथे तो होताच, वरच्या आकड्याच्या पायाशी, लहान अक्षरांत.

हा सगळा खेळ 'समदाब'चा होता. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, मोठ्या धमनीला फाटा फुटतो तिथे, शरीराने स्वतःच दाब मोजायची सोय केलेली आहे. दाब चढला की तिथली नस मेंदूला कळवते. मग मेंदू हृदयाला हळू करतो आणि रक्तवाहिन्या सैल सोडतो. वय झालं की ही नस बधिर होते. समदाब म्हणजे त्या नसेला लावलेली केसासारखी तार आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेली सुपारीएवढी डबी. ठोक्याठोक्याला दोन्ही आकडे मोजायचे आणि वरचा चढू लागला, की नसेला गुदगुली करून तो खाली आणायचा. दंडाला पट्टा आवळून फुस्स फुस्स करायचे दिवस केव्हाच गेले. मिरज-सांगलीत हजारो माणसं समदाबवर जगत होती.

पण माणूस जिना चढतो तेव्हाही दाब चढतो, आणि तो चढायलाच हवा. म्हणून डबी बसवल्यावर पहिला पंधरवडा ती काहीच करत नाही, नुसतं शिकते. याचं चालणं किती, झोप कशी, हा कशाने धापतो. त्या पंधरवड्यात जे भेटलं नाही, ते तिच्या लेखी संकट.

"ती शिकत होती तेव्हा बुवांचे दिवस नेहमीसारखे गेले ना? तंत्रज्ञाने विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

"हो, मीच सांगितलं की नेहमीसारखे. जेवण, फिरणं, सगळं…" ऋजुता मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरला. "इचलकरंजीचे काका गेले होते हो तेव्हा. अप्पांचे सख्खे भाऊ. सुतक होतं."

"म्हणजे?"

"सुतकात कीर्तन नाही. पेटीवर चादर. मग दिवसकार्य, येणारी-जाणारी माणसं. अप्पा सगळा वेळ चटईवर बसून होते. एक ओळसुद्धा गायले नाहीत."

"आणि हे सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? घरात कुणी गेलं की सुतक असतंच."

"आपल्याला माहीत असतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "डबीला नसतं."

डबीने जो माणूस शिकून घेतला होता, तो न गाणारा होता. त्या माणसाने सुतकानंतर पहिल्यांदाच, दासनवमीला, वर चढणारा लांब सूर लावला, तेव्हा तिला तो झटका वाटला आणि तिने जीव तोडून ब्रेक दाबला. साठी ओलांडलेल्या ताठ धमन्यांत वरच्यापेक्षा खालचाच आकडा ढासळला, आणि हृदयाचं पान रिकामं राहिलं.

"मग शिकवा की तिला पुन्हा," बुवा म्हणाले. "आत्ता म्हणतो एक पद."

"शिकवायची म्हणजे तिचे बंध सैल सोडायचे. सैल सोडले आणि गाताना वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे गेला, तर मेंदूतली ती वाहिनी पुन्हा फुटेल. अजून कच्ची आहे ती. दिवाळीनंतर बघू, इथेच, माझ्यासमोर, थोडं थोडं."

"आणि तोवर?"

"तोवर मौन. हृदयाच्या स्नायूला इजा झालीय, बुवा. असं आणखी एकदा पडलात, तर ते सोसणार नाही."

बंध सैल करायची कळ ऋजुताच्या फोनवर होती. मेंदूला इजा झालेल्या माणसाला ती स्वतःला दाबता येत नसे. कायद्याने जवळचं एक माणूस 'पालक' म्हणून नेमावं लागे. पालकाचा अंगठा लागला तरच डबी सैल.

"छान," बुवा म्हणाले. "मुलगी पालक, बाप पाल्य. पालका, घरी ने मला."

*

आई गेल्यापासून घरात दोघंच. ऋजुता सकाळी शाळेत गणित शिकवायची, दुपारी परत यायची. पूर्वी गल्लीच्या तोंडापासून अप्पांचा आवाज ऐकू यायचा. आता दार उघडलं तरी कळायचं नाही, घरात कुणी आहे की नाही.

बुवांनी शब्द पाळला होता. बोलायचे, पण बेताने. सूर मात्र एक नाही. आकडे इतके देखणे होते की डॉक्टरांनी कौतुकाचा निरोप पाठवला. आणि इकडे बुवा भाकरीचा चतकोर उरवू लागले, मग अर्धी. दाढी वाढली. शेजारच्या काकूंनी पुरणपोळी आणून दिली, तर म्हणाले, "ठेवा, तो आला की देतो." काकूंनी ऋजुताला बाजूला घेऊन विचारलं, "तो म्हणजे कोण गं?"

चैत्र लागला. रामनवमी तोंडावर आली. चाळीस वर्षं रामजन्माचं कीर्तन बुवांचं. भर दुपारी उन्हाच्या तडाख्यात उभं राहायचं आणि बरोब्बर बाराला राम जन्माला येईल असं आख्यान बेतायचं. घड्याळाकडे न बघता त्यांना ते साधायचं.

"ऋजू," एका दुपारी ते म्हणाले, "सैल कर आणि बस पेटीवर. एवढी एक नवमी."

"नाही अप्पा."

"अगं, रामजन्म आहे."

"राम जन्मेल. तुम्ही नाही गायलात तरी जन्मेल!"

बोलून गेली आणि जीभ चावली. बुवांनी मान हलवली.

"खरं आहे. तो काही माझ्यासाठी थांबत नाही." थोड्या वेळाने त्यांनी गळपट्टीखालच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "एक सांग मला. ही डबी ज्याला जगवतेय, तो कोण आहे? सुतकातला म्हातारा. चटईवर बसलेला. त्याला तू ओळखतेस? मी तर ओळखत नाही. मी वाट बघतोय ती त्या गाणाऱ्याची."

"मी ओळखते. माझे वडील आहेत ते. माझ्याकडे दुसरे नाहीत."

ती आत गेली आणि नळ सोडून रडली. मग फोन काढला. पडद्यावर 'सैल' ही अक्षरं होती आणि त्यांच्याखाली अंगठ्यासाठी गोल. ती त्या गोलाकडे बघत उभी राहिली. दाबलं तर मेंदू, नाही दाबलं तर हा असा रोज थोडा थोडा विझणारा माणूस. तिने डॉक्टरांना फोन लावला. "थोडंसं सैल करता येत नाही का हो? निम्मं?" तिकडून मोठा श्वास ऐकू आला. "निम्मं असतं तर मीच केलं असतं, ऋजुता."

शेवटी देवस्थानच्या लोकांनी कागलहून माधवबुवा हर्डीकरांना बोलावलं. ते बुवांचेच शिष्य, आता पन्नाशीचे. बुवा म्हणाले, "मी ऐकायला बसेन. ऐकायला तरी तुझी डबी नाही म्हणत नाही ना?"

ऋजुताने पेटी पुसायला घेतली.

*

नवमीला अकरालाच पारा त्रेचाळीसवर गेला होता. सभामंडपावर ओल्या तट्ट्या सोडल्या होत्या, तरी फरशी तापलेली. ऋजुता पेटीवर, भोरेकाका तबल्यावर, समोर पहिल्या रांगेत अप्पा. आज फोनवर तिने खालचा आकडा मोठा करून ठेवला होता. बासष्ट.

माधवबुवा चांगले बोलत होते. कौसल्येचे डोहाळे झाले, अयोध्येच्या रस्त्यांवर सडे पडले. गुरूचीच ढब, गुरूचीच काळी दोन पट्टी. बुवा मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. ओठ बंद. पण ऋजुताला त्यांची छाती दिसत होती. माधवबुवा सूर चढवत, तेव्हा बुवांचा श्वास तिथेच अडून राही आणि सूर उतरला की सुटे. ते आतून गात होते. सगळं आख्यान त्यांच्या अंगातून चाललं होतं.

अठ्ठावन्न. बावन्न.

डबीला पुन्हा संकट दिसलं होतं.

सत्तेचाळीस. बुवांच्या कपाळावर घाम आला. उजवी मूठ छातीवर गेली आणि तिथेच दाबून राहिली. फोनवर लाल पट्टी आली. डबीने रुग्णवाहिका मागवली होती, आणि ती रथाच्या मिरवणुकीमागे अडकली होती. शेजारचे आजोबा बुवांकडे पाहून भक्तिभावाने मान डोलावत होते.

त्रेचाळीस. बुवांचे ओठ राखाडी पडले.

ऋजुताचा उजवा हात पेटीवर चालत राहिला. डावा भाता सोडून फोनवर गेला. सूर क्षणभर विझला. तिने अंगठा टेकवला.

सैल.

खालचा आकडा हळूहळू वर आला. पन्नास. साठ. सत्तर. बुवांनी डोळे उघडले. गालांवर रंग आला. छातीवरची मूठ सुटली आणि आता रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी स्वस्थ बसावं, एवढंच तिचं मागणं होतं. बुवा उठून उभे राहिले.

मंडपात लाट उसळली. "बुवा! बुवा उठले!" माधवबुवा थबकले. गुरू उभे राहिल्यावर शिष्याने नारदाच्या गादीवरून बाजूला व्हायचं असतं, आणि ते झाले. वाकून पाया पडले, झांज गुरूंच्या हातांत दिली. ऋजुता मानेने नाही नाही करत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि त्या गादीवर उभं राहिलेल्या माणसाला जन्माआधी खाली उतरवता येत नाही. देऊळभर माणसांत तसं करणारं कुणी नव्हतं.

बुवांनी सूर लावला.

किती दिवस दाबून ठेवलेला तो आवाज. मागे उभी असलेली माणसं एकदम गप्प झाली. पाणी वाटणारा हात तसाच राहिला. ऋजुताला वाटलं, आपण हे ऐकायलाच जन्माला आलो. आणि तिने वरचा आकडा पाहिला. एकशे सहासष्ट. एकशे चौऱ्याहत्तर.

कळ बंद केली तर डबी पुन्हा ब्रेक दाबेल, ते पडतील, आणि ते पडणं हृदय सोसणार नाही. चालू ठेवली तर ती कच्ची वाहिनी. पेटी थांबवली तर? ते थांबणार नाहीत, पेटीशिवाय आणखी ताणून गातील.

एकशे एक्याऐंशी.

बुवा तार षड्जाकडे निघाले होते. ऋजुताने डोळे मिटले आणि पट्टी बदलली. काळी दोन सोडून तीन सूर खाली, पांढरी एक.

भर कीर्तनात बुवांचा सूर उतरवणं म्हणजे भर पंक्तीत यजमानाचं ताट ओढून घेणं. साथीदाराने बुवांच्या मागे जायचं असतं, मरतानासुद्धा. सूर फाटला. वर बुवा, खाली पेटी, मध्ये काळी दोनला लावलेला तबला बेवारशी खणखणत राहिला. लोकांनी तोंडं वाकडी केली. "अहो, पेटी बघा, पेटी!" कुणीतरी ओरडलं. भोरेकाका डोळे वटारून बघू लागले. "पोरी, वेड लागलं का?"

बुवांनी मागे वळून पाहिलं. इतक्या रागाने त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. ते आपल्या सुरावर अडून राहिले. तीही तिच्या सुरावर अडून राहिली. भाता मारता मारता तिच्या हनुवटीवरून पाणी पेटीवर टपटपत होतं आणि ती मान हलवत होती. नाही अप्पा. इथे या. इथे खाली या.

एकशे अठ्ठ्याऐंशी. डाव्या हातातली झांज सुटून फरशीवर पडली.

बुवांनी त्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. एक श्वास घेतला, आणि तीन सूर खाली, तिच्या पट्टीवर येऊन उतरले.

तिथे चढायला जागाच नव्हती. आवाज जाड झाला, संथ झाला. आख्यान राहिलं बाजूला, त्यांनी सरळ पाळणाच धरला. एखाद्या थकलेल्या आईने म्हणावा तसा, अर्धा गळ्यात, अर्धा ओठांत. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे एकोणसत्तर. बायकांनी पाळण्याची दोरी धरली. मंडपभर फुलं उधळली गेली, गुलाल उडाला, घंटा झाली. एकशे छप्पन्न. खालचा आकडा ऐंशीवर ठाम.

माधवबुवांनी गुरूंना मागून मिठीत धरलं, तेव्हा बाहेर भोंगा ऐकू आला.

*

"थोडंच झिरपलंय," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "आणखी मिनिटभर तसेच वर राहिले असते, तर मी आज तुमच्याशी हे बोलत नसते." त्यांना रागवायचं होतं, पण जमलं नाही. "डावा हात परत येईल की नाही, आज सांगता येणार नाही. डबी मात्र शिकली. त्या सैल वेळात बुवा खालच्या पट्टीत जे गायले, ते तिने त्यांचं म्हणून घेतलंय. तेवढ्यात गायले तर ती आता आड येणार नाही. त्याच्या वर नाही."

त्या गेल्यावर खोलीत दोघंच राहिली. ऋजुताने गुलालाने माखलेलं त्यांचं कपाळ ओल्या फडक्याने पुसायला घेतलं.

"सूर उतरवलास," बुवा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"हो."

"भर कीर्तनात."

"हो अप्पा."

"रामजन्माला. भोऱ्याचा तबला एकीकडे, तू एकीकडे. चाळीस वर्षांत असं घाणेरडं वाजलं नव्हतं त्या देवळात."

तिने फडकं पिळलं. बोलायचं ते तिने वाटेत, रुग्णवाहिकेतच ठरवून ठेवलं होतं.

"पालक बदलता येतो अप्पा. डॉक्टरांना विचारलंय मी. माधवबुवांचं नाव घालू. तुमचा शिष्य आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा सैल करतील. मला नाही हे पुन्हा झेपणार."

बुवांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, पोटावर ठेवला, त्याच्याकडे परक्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं.

"माधव फार चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "माझा सूर उतरवायचं त्याच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही. हात जोडून मरू देईल मला."

ऋजुताने फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"तुझंच नाव राहू दे," बुवा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.